उपडा चमचा

धाकटीला नोकरी मी लावून दिली, हे आधीच सांगून टाकते, कारण दुसरं कोणी ते सांगत नाही. धाकटी म्हणजे माझी जाऊ, दिराची बायको. लग्न होऊन आली तेव्हा दारावरची घंटा वाजली तरी आत पळायची. मीच साहेबांकडे शब्द टाकला, मीच तिला हाताला धरून ऑफिसात नेलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेणं म्हणतात, ते हेच.

दिसायला साधी, आवाज बारीक, केस नेहमी ओले. कोणी काही सांगितलं की लगेच मान डोलवायची नाही. दोन क्षण थांबायची आणि मग असं काही विचारायची की समोरच्याने आपलं वाक्य पुन्हा तपासावं. घरात आम्ही दोघी एकाच ओट्यावर स्वयंपाक करतो. पहिल्या महिन्यात भाजी रोज खारट व्हायची, कारण ती मीठ घालायची आणि मीही घालायचे. सासूबाई म्हणायच्या, "दोन सुना आल्या, पण जिभेचं काही खरं नाही." धाकटीने त्यावर उपाय काढला. जी मीठ घालेल तिने झाकणावर चमचा उपडा ठेवायचा. चमचा उपडा दिसला की डब्याला हात लावायचा नाही. त्या दिवसापासून भाजी सुधारली. सासूबाई मात्र आल्यागेल्याला चमच्याची गोष्ट सांगू लागल्या, आणि बारा वर्षं त्या घरात मीठ घालणारी मी, मला कोणी विचारेना.

ऑफिसातही तेच झालं. आमचं संगणक केंद्र आहे. काचेपलीकडे मोठं मशीन, अलीकडे आम्ही सहाजण. मशीन दिवसभर स्वतःची डायरी लिहितं: कुठलं काम किती वाजता आलं, किती वेळ चाललं, कुठे रांग लागली. ती डायरी रोज दुपारी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, अशा दोन हप्त्यांत कामगिरीच्या डेटाबेसमध्ये भरायची, हे अकरा वर्षं माझं काम. त्यावरून आलेख निघतात आणि मशीन पुरतंय की नाही ते मोठे साहेब ठरवतात. पथ्य एकच, एक हप्ता दोनदा भरायचा नाही. भरला की मी वहीत बरोबरची खूण करायचे.

एके दिवशी मधेच फोन वाजला, खूण राहिली, आणि मी तोच हप्ता पुन्हा भरला. आलेख निघाला तेव्हा धाकटीला नोकरीला लागून आठच महिने झाले होते. तिने सगळ्यांसमोर बारीक आवाजात विचारलं, "वहिनी, दिवसाचे तास किती असतात हो? इथे मशीन एकतीस तास चाललंय."

सगळे खो खो हसले. तिने मला पाडायला विचारलं नव्हतं, खरंच शंका आली म्हणून विचारलं होतं. तेच मला जास्त झोंबलं.

पंधरा दिवसांत तिने एक छोटा प्रोग्राम लिहिला. हप्ता भरला की त्यातली पहिली वेळ आणि शेवटची वेळ तो टिपून ठेवी. पुढच्या हप्त्यातली एखादी वेळ त्या दोन वेळांच्या मध्ये पडली, की तो तेवढ्या नोंदी अडवी. मी जळून म्हटलं, "झालं! घरातला उपडा चमचा ऑफिसात आला." चमचा म्हणजे साहेबांचा चमचा, असा माझा टोमणा होता. पण तो तिला कळला नाही, की कळूनही तिने तो आवडीने घेतला, देव जाणे. प्रोग्रामचं नाव तिने चमचाच ठेवलं. महिन्याभरात अख्खं ऑफिस बोलू लागलं, "कालचं भरू नका, चमचा उपडा आहे." माझ्या टोमण्याचंही श्रेय तिलाच गेलं. माझा नुसता तिळपापड झाला.

एक सोय तिने आणखी ठेवली होती. चमच्याने काही अडवलं, तर ते टाकण्याआधी प्रश्न माझ्या पडद्यावर यायचा: हे खरंच दुसऱ्यांदा आलंय का? "वहिनींना मशीनचं सगळं माहीत असतं," असं तिने साहेबांना सांगितलं होतं. मला वाटलं, तोंडाला पानं पुसतेय.

त्याच सुमारास विभागाच्या मुख्यांनी निवृत्तीचा अर्ज दिला. त्या खुर्चीवर माझा हक्क होता. पण साहेबांच्या तोंडी नाव कोणाचं, तर धाकटीचं. घरी दीर उघड म्हणाले, "वहिनी, आता हिलाच सलाम करायचा हं!" आमचे हेही हसले. मी वाढत होते. वाढायची थांबले नाही.

मंगळवारी धाकटी लेकाला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली होती. दोन दिवसांपूर्वी वीज दुरुस्तीनंतर मशीन पुन्हा सुरू केलं होतं, तेव्हापासून त्याचं घड्याळ तासभर पुढे धावत होतं. घड्याळात बारा वाजले, दुपारचा हप्ता भरून झाला, आणि लगेच इंजिनीअरने माझ्यासमोर काटा एक तास मागे घेतला. म्हणजे मशीनच्या डायरीत अकरा ते बारा हा तास पुन्हा एकदा आला, आणि दुसऱ्यांदा आलेला तासच खरा होता.

बुधवारी सकाळी दुसरा हप्ता भरताना चमच्याने तो तास अडवला. पडद्यावर प्रश्न आला: अकरा ते बारा आधीच आलेलं आहे. टाकू की ठेवू?

मला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत ते मला एकटीलाच माहीत होतं. मी 'टाक' दाबलं. मनात म्हटलं, पडू दे हिचा चमचा एकदा तोंडावर.

आणि पडला. नेमक्या त्याच तासात मशीन गोगलगाय झालं होतं आणि खिडकीवर बसणाऱ्या कारकुनांनी रांगेतल्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांनी तक्रार केली. आमचा आलेख सांगत होता, अकरा ते बारा मशीन सुरळीत. साहेबांनी त्यांना खोटं पाडलं. शुक्रवारच्या बैठकीत इंजिनीअर सहज घड्याळाचं बोलला आणि सगळं उघडं पडलं. साहेबांनी तडकून विचारलं, "खरी नोंद फेकून देणारी ही असली तपासणी कोणी लिहिली?"

धाकटी उठली. "मी. घड्याळ मागे जाऊ शकतं हे मी धरलंच नाही. चूक माझी." प्रश्न माझ्या पडद्यावर आला होता, हे ना साहेबांना आठवलं, ना तिने काढलं.

खुर्ची मला मिळाली. घरी सासूबाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली. धाकटीने वाकून नमस्कार केला.

चौथ्या दिवशी मी संगणकावर चमच्याची नोंदवही उघडली, माझा माग पुसायला. खोटं कशाला सांगू? त्यात ओळ होती: बुधवार, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, उत्तर 'टाक', आणि पुढे माझं नाव. खालीच दुसरी ओळ होती, नोंदवही कोणी उघडून पाहिली त्याची. धाकटीने ती पाहिली होती. शुक्रवारी सकाळी, बैठकीच्या आधी.

घरी ओट्याशी मी तिला गाठलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

ती नेहमीसारखी दोन क्षण थांबली. "बोलले असते, तर रोज इथे आपण दोघी कशा उभ्या राहिलो असतो, वहिनी?"

इतका राग मला तिचा आयुष्यात आला नव्हता. कडाकडा भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते आणि मोकळी झाले असते. आजवर तिच्या हुशारीवर जळत होते, आता तिच्या मनाच्या मोठेपणावरही जळायची वेळ आली. हुशारी मी घासूनपुसून आणली असती. हे कुठून आणू?

सोमवारी तिने प्रोग्राममधल्या दुरुस्तीचा कागद माझ्या टेबलावर ठेवला. यापुढे घड्याळ बदललं की त्याची वेगळी नोंद होईल, आणि अडवलेलं काही टाकायचं तर दोन माणसांचं उत्तर लागेल. मुख्य म्हणून माझी सही हवी होती. सगळे रकाने तिच्या नीटस अक्षरात भरलेले होते. फक्त 'दोन माणसं कशासाठी' हा रकाना कोरा होता.

"हे राहिलंय," मी म्हटलं.

"ते तुम्ही लिहा, वहिनी," ती म्हणाली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

'दक्षता म्हणून' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. साहेब वाचतसुद्धा नाहीत. मी पेन उघडलं. मग लिहिलं, 'घड्याळ मागे घेतल्याचं मला माहीत होतं, तरीही मी टाक दाबलं.' खाली हुद्द्यासकट सही केली, आणि कागद मोठ्या साहेबांकडे स्वतः नेऊन दिला.