हजार पिढ्यांत एकीलाही न दिसलेली बोडी

होळीचा दुसरा दिवस: नव्या पाटाची मोजणी. जबाबदार, शहरातून आलेला तरुण अभियंता. अक्षय तृतीया: आराखडा मंजूर. जबाबदार, त्याखाली सही करणारे त्याचे वरिष्ठ. मृगाच्या आधीचा आठवडा: खोदकाम. जबाबदार, दोघेही. आणि दसरा. त्या दिवशी माझ्या वहिनींचे धान पोटरीत, लोंबी बाहेर पडायच्या बेतात होते आणि बोडी कोरडी होती.

बोडी म्हणजे आमच्या दवनीवाड्याकडचे शेतातले छोटे तळे. पाऊस गेल्यावर धानाला शेवटचे पाणी तीच देते. उन्हाळ्यात ती आटते. आटलेल्या बोडीची अभियंत्याने संगणकात 'खड्डा, पडीक' अशी नोंद केली, आणि तलावाचा नवा पाट तिची पाळ फोडून गेला. पाटाचे पाणी आमच्या बांध्यांच्या, म्हणजे धानाच्या खाचरांच्या, खालच्या पातळीवरून वाहते. ते वर चढत नाही.

खोदताना मी हरकत घेतली. अभियंता नम्रपणे म्हणाला, "काका, हा नकाशा मी काढलाच नाही. संगणक निसर्गासारखा चालतो. हजारो आराखडे जन्माला घालतो, चांगल्यांचा संकर करतो, कमजोर मरू देतो. हजार पिढ्यांनंतर हा उरला."

भावाच्या मागे एकटीने शेती करणाऱ्या वहिनी पाळीवर उभ्या होत्या. "काऊन जी साहेब, हजार पिढ्यायले बोडी दिसली नाई? आमच्या तीन पिढ्या तं हिच्यातच मासोळ्या पकडून राहिल्या."

मजूर हसले. तोही हसला.

बियाण्यासाठी लोंब्या मीही निवडतो. निवड निसर्गाने केली, असे मी म्हणू शकत नाही. हात माझा असतो. आखूड पाट तोच उत्तम, ही अट संगणकाला कोणीतरी घातली. पडीक खड्ड्याचे मोल शून्य, हेही कोणीतरीच लिहिले. तहसील कचेरीसमोर मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले. या प्रकरणी स्वतःचे चार लिहिले. प्रत्येक उत्तरात 'निवड झाली' एवढेच येते. कर्ता नसलेले हे वाक्य वाचून मी थकलो आहे.

परवा वहिनींनी विचारले, "भाऊजी, पुढच्या सालची बिजाई ठेवू का नोको?"

म्हणून सही करणाऱ्या वरिष्ठांकडे माझी मागणी: ती अट कोणी लिहिली आणि बोडीची पाळ कोण बांधून देणार, हे येत्या ग्रामसभेत वहिनींसमोर उभे राहून सांगावे. लेखी उत्तर मी स्वीकारणार नाही.