मागे राहिलेल्यांचे तात्या

दिवाळी झाली की आमच्या गावातले हातीपायी धड लोक ऊसतोडीला निघतात. वडवणीकडून ट्रक येतो. भांडी, सरपण, शेळ्या, लेकरं असं सगळं त्यात चढतं आणि दुपारपर्यंत गल्ली रिकामी होते. मागे राहतात म्हातारी माणसं, आमच्यासारखी दोन-चार घरं, आणि त्रिंबकतात्या.

तात्यांनी बावीस वर्षं कोयता धरला. कौशल्याकाकूंचा मणका गेला तेव्हा ते दोघं थांबले आणि मुलगा रामप्रसाद सुनेला घेऊन जाऊ लागला. तेव्हापासून जाणारे लोक आपली म्हातारी माणसं तात्यांच्या भरवशावर ठेवू लागले. तसं कुणी बसून ठरवलं नव्हतं. तात्या पाच घरी पाणी भरत, दळण आणत, बाजाराच्या दिवशी सगळ्यांच्या गोळ्या आणत.

राधाकिशनआबांचं तर सगळंच त्यांच्याकडे. आबांचं उजवं अंग लुळं पडलेलं, एकुलता मुलगा भारत बायकोसह कर्नाटकात तोडीला. आबा बाईमाणसाला अंगाला हात लावू देत नसत. मागे तात्या दोन दिवस लग्नाला गेले, तर आबा तसेच घाणीत पडून राहिले. माझ्या आईला त्यांनी दारातूनच परत पाठवलं. म्हणून अंघोळ, कपडे, कूस बदलणं, सगळं तात्याच करत.

"आबा, लई जड झालाव. चोरून काय खाता?"

"तुझं डोस्कं," आबा म्हणत.

यंदा डिसेंबरात तात्यांच्या छातीत दुखू लागलं. मी सुट्टीला आले होते, त्यांना बीडला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, दोन नसा बंद आहेत, आजच भरती व्हा.

"किती दिवस ऱ्हावं लागंल?"

"आठ-दहा. पुढे महिनाभर काही उचलायचं नाही."

"मंग पाडव्याला येतो. तवर पोरं येत्यात."

बाहेर बाकावर मी म्हणाले, "तात्या, भारतदादाला फोन करते."

"न्हाई. त्याच्या बायकोला सातवा हाय. तिला फडात एकटी टाकून यील का त्यो?"

"मग आबांना तरी खरं सांगू. आई करील त्यांचं."

"म्हातारा उपाशी मरंल, पण करू देणार न्हाई. त्याला सांगू नको. शपथ हाय तुला."

मी नाही सांगितलं. गोळ्या घेऊन आम्ही संध्याकाळच्या एसटीने परत आलो. वाटेत मांजरसुंब्याला त्यांनी आबांसाठी अर्धा किलो मऊ पेढे घेतले.

फेब्रुवारीत, सकाळी नऊच्या सुमारास, आबांच्या ओट्यावर पाण्याची बादली पडली. आवाज आबांनी आतून ऐकला. "तिरंबक," त्यांनी हाक मारली. मग हाका मारतच राहिले. आई धावत गेली तेव्हा तात्या उंबऱ्यापाशी कलंडलेले होते आणि आत आबा डाव्या हाताने खाटेची कड धरून उठायला बघत होते.

रामप्रसाद दुसऱ्या दिवशी पोचला, मीही निरोप मिळताच आले. खांदा द्यायला शेजारच्या गावातून माणसं बोलवावी लागली. तोवर आबांनी घासभरही खाल्लं नव्हतं, आणि कुणाला जवळ येऊ दिलं नव्हतं.

तिरडी गेल्यावर काकू उठल्या. आमच्या चुलीवरचं गरम पाणी त्यांनी बादलीत घेतलं आणि आबांकडे गेल्या. आई म्हणाली, "आज नका, मी बघते." त्या थांबल्या नाहीत. आम्ही दोघी मागोमाग गेलो.

आबांनी त्यांना पाहून तोंड भिंतीकडे वळवलं. भिंतीकडे बघतच म्हणाले, "दुखणं होतं म्हनं त्याला. मला कावून न्हाई सांगितलं?"

काकूंनी फडकं पाण्यात बुडवून पिळलं.

"सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?"

आबांनी चालत्या हाताने धोतराची गाठ चाचपली. एका हाताने ती सुटायला वेळ लागला. काकू थांबून राहिल्या.

त्यांना कुशीवर वळवणं काकूंच्या मणक्याला झेपेना, तेव्हा दुसऱ्या बाजूने आईने हात लावला.