साठ दिवस उत्तर नाही

महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी आम्ही दहा-बारा जण नाशिक रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये जमत असू. छोट्या वाचनालयांसाठीचा एक प्रोग्राम ही मंडळी नोकऱ्या सांभाळून, हौसेने लिहीत होती. पुस्तकांची नोंद, कोणी काय नेलं, कधी परत आणलं, एवढंच त्याचं काम. कोणीही तो फुकट घ्यावा, जुन्या कॉम्प्युटरवर इंटरनेटशिवाय चालवावा, आणि ज्याला येतं त्याने उघडून दुरुस्त करावा. मला दुरुस्ती येत नाही. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. माझ्या धाकट्या बहिणीने मला तिथे नेलं. "दादा, ही माणसं काम करतात, पण चार ओळी धड लिहीत नाहीत," असं ती म्हणाली, आणि दर महिन्याच्या प्रगतीचा अहवाल माझ्याकडे आला.

बैठकीची रीत ठरलेली होती. एकेकाने उठून महिन्याभरात काय केलं ते सांगायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, मी लिहून घ्यायचं. मग सगळ्यांनी मिसळ खायला जायचं. ही रीत मला पहिल्यांदा फार आवडली होती. आता त्या टाळ्या आठवल्या तरी तोंडात कडू पाणी येतं.

बहीण सरकारी कार्यालयात लिपिक होती. प्रोग्राम लिहायला ती पुस्तकं आणून, घरी बसून शिकली. एकदा आम्ही दोघं सुरगाण्याच्या बाजूला एका गावातल्या वाचनालयात गेलो होतो. तिथल्या ग्रंथपाल बाई हा प्रोग्राम वापरत. आम्ही बसलेलो असतानाच वीज गेली. बाई खुर्चीत मागे रेलल्या.

"गेलं बघा समदं. सकाळपासून चढवत व्हते. लाइट गेली का ही मशीन इसरून जाते, ताई."

"किती पुस्तकं होती?"

"मोजायची नायत आता. पुन्यांदा चढवायची."

बाई हसत होत्या. बहीण हसली नाही.  परतताना जीपमध्ये, पेठच्या घाटात, ती मला म्हणाली, "चूक विजेची नाही, दादा. आमची आहे. टाइप केलं की लगेच जपून ठेवायला हवं, एवढं साधं आम्हाला सुचलं नाही."

दोन आठवड्यांत तिने ती दुरुस्ती लिहिली. या लोकांत दुरुस्ती अशी सरळ आत जात नाही. ती सगळ्यांसमोर मांडायची, एक जुना जाणता सदस्य ती तपासतो, शंका विचारतो, त्याचं समाधान झालं की मगच ती प्रोग्रामचा भाग होते. आमचा तपासणारा निफाडचा, एका मोठ्या कंपनीत होता. त्याने विचारायला सुरुवात केली. इथे एक जागा जास्त सुटली आहे. ही ओळ खाली घ्या. हे दोन तुकडे वेगळे करा. बहीण प्रत्येक वेळी सांगितलं तसं करून परत मांडायची. मधल्या काळात तिच्या पोटातली गाठ कळली होती. चौथ्या की पाचव्या शंकेचं उत्तर तिने हाताला सलाईन लागलेलं असताना, फोनवर, एका बोटाने टाइप केलं. मी म्हणालो, "राहू दे ना." ती म्हणाली, "बाईंना सांगून आलेय, दादा. नवीन आलं की दुखणं जाईल म्हणून."

तपासणाऱ्याची शेवटची शंका अशी होती: या भागाला थोडं अधिक स्पष्ट नाव देता येईल का? ती आली तेव्हा बहीण शुद्धीवर नव्हती. चार दिवसांनी ती गेली.

पुण्यानुमोदनाला आमच्या कॉलनीतल्या विहारात ग्रुपमधले पाच जण आले होते. ग्रुपचा समन्वयकही आला होता. त्याने हात जोडले, फोटोला फूल वाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सर, फार मोठं योगदान होतं त्यांचं." मला तेव्हा बरं वाटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतो.

पुढच्या दोन बैठकांना मी गेलो नाही. तिसरीला गेलो, कारण घरात बसवत नव्हतं. समन्वयक उभा राहिला आणि त्याने सांगितलं की रेंगाळलेल्या कामांची मोठी सफाई झाली आहे आणि यादी निम्म्यावर आली आहे. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. संध्याकाळी अहवालात लिहिलं, "प्रलंबित कामे निकाली निघाल्याने यादी आता स्वच्छ झाली आहे." 'स्वच्छ' हा शब्द माझा. त्याने 'क्लीनअप' म्हटलं होतं.

नवीन आवृत्ती आली आणि आठवड्याभरात सुरगाण्याच्या बाईंचा फोन आला.

"सर, ताईंचा फोन लागत नाय म्हनून तुम्हाला केला. नवीन घातलं, तरी लाइटीबरोबर समदं गेलंच की."

मी बघून सांगतो म्हणालो. बहीण गेल्याचं न सांगताच फोन ठेवला.

मग ग्रुपच्या वेबसाइटवर तिने दुरुस्ती मांडली होती ते पान मी उघडलं. तपासणाऱ्याच्या शेवटच्या प्रश्नाखाली यंत्राने आपोआप लिहिलेली एक ओळ होती: लेखकाकडून साठ दिवस उत्तर आलेलं नाही, म्हणून हे काम बंद करण्यात येत आहे. या सफाईसाठी त्यांनी एक यंत्रच नेमलं होतं. यंत्राला काय कळणार, त्याच्यावर माझा राग नाही. पण त्या ओळीखाली चार जणांनी पसंतीचे अंगठे उमटवले होते. चौघांतले दोघं विहारात आले होते.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. तरी तोंडातली ती कडू चव जाईना. 'स्वच्छ'.

पुढच्या बैठकीत मी उठलो. मी कधी उठत नसे, त्यामुळे सगळे बघायला लागले. मी विचारलं, त्या वीज जाण्याच्या दुरुस्तीचं काय?

"सर, त्यात ऑथरचा रिप्लाय नाही," निफाडवाला म्हणाला.

"ऑथर माझी बहीण होती."

तो खाली बघायला लागला. समन्वयक म्हणाला, "हो सर, फार वाईट झालं. पण पॉलिसी सगळ्यांना सारखी ना. ऑथरने स्वतः पुन्हा उघडलं तर चालतं, नाहीतर कोणीतरी पहिल्यापासून नव्याने मांडायचं. कोण घेतंय?" त्याने चहूकडे पाहिलं. एकही हात वर झाला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "नंतर बघू ना, अकरा वाजले, तिथे जागा मिळायची नाही." खुर्च्या सरकल्या. मी मिसळ खायला गेलो नाही.

बहिणीच्या वहीत तिचा पासवर्ड होता. दोन दिवस मी ती वही समोर घेऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खात्यात शिरलो. खात्यावर तिच्या मांजरीचं चित्र होतं. मी ते पान पुन्हा उघडलं आणि स्पष्ट नावाच्या त्या प्रश्नाखाली लिहिलं, "नाव आहे तेच राहू द्या." एवढंच. यंत्राने लगेच लिहिलं: पुन्हा सक्रिय झाल्याबद्दल आभार.

जेवणाच्या आत निफाडवाल्याने मान्यता दिली. एकही प्रश्न विचारला नाही. ज्या नावासाठी ते काम साठ दिवस अडलं होतं ते नाव होतं तसंच आत गेलं. म्हणजे नावाचं कधी काही अडलंच नव्हतं. मला तिची एका बोटाने टाइप करण्याची धडपड आठवली आणि मी ताट बाजूला सारलं.

दुपारी समन्वयकाचा फोन आला.

"सर, त्यांच्या अकाउंटवरून रिप्लाय आला, बरं झालं. आता नियमात बसलं."

"तो मी लिहिला."

"हां हां, ते समजलं सर. एक काम करा, या महिन्याच्या अहवालात 'पुन्हा सक्रिय झालेले सहकारी' हा मथळा आहे ना, त्यात त्यांचं नाव टाका. या वेळी त्यात कोणीच नाही, रिकामं वाईट दिसतं."

मी फोन ठेवला. त्या महिन्याच्या अहवालात मी त्या मथळ्याखाली लिहिलं: "कोणी नाही. वीज गेल्यावर नोंदी जपणारी दुरुस्ती जिने लिहिली ती आता हयात नाही. तिच्या नावाने उत्तर तिच्या भावाने दिले." ग्रुपवर टाकलेल्या अहवालात तो मथळाच नव्हता. खाली अंगठे मात्र होते. त्यानंतर मी एकही अहवाल लिहिला नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर, दुरुस्तीसह पुढची आवृत्ती आल्यावर, सुरगाण्याहून फोन आला. बाईंचा आवाज नुसता उसळत होता.

"सर, आज तीनदा लाइट गेली! उघडून बघितलं तं समदं जिथल्या तिथं. येक पुस्तक गेलं नाय. ताईंनीच केलं ना? त्यांना सांगा बरं!"

सांगतो, मी म्हणालो. तिच्या खात्यातून ती एक ओळ लिहिली तेव्हापासून मला माझ्या हातांची किळस येत होती. हे खोटं बोलताना आली नाही.