पनवेलच्या घामात लोकरीचा शर्ट

पन्नाशी गाठल्यावर मी सायकल चालवू लागलो. पहाटे निघायचं, रोडपालीवरून खारघर गाठायचं, चहा प्यायचा आणि परत यायचं. आपल्याकडच्या दमट हवेत एवढ्यानंही शर्ट पिळून काढण्याजोगा व्हायचा. तो शर्ट पॉलिस्टरचा. धुऊन वाळत घातला तरी दोरीवरून त्याचा वास यायचा. बायकोचं नाक तिखट. एकदा तिनं तो काठीनं उचलून बाल्कनीत नेला आणि शांतपणे म्हणाली, "आजपासून हा घरात राहील, नाहीतर मी."

माझ्याबरोबर सायकल चालवणारे एक गृहस्थ कुवेतला बरीच वर्षं काढून पनवेलला परतले होते. त्यांनी उपाय सांगितला, "मेरिनो घ्या. मेंढीची लोकर. कितीही घाम येऊ द्या, बदबू नाही."

"लोकर? या हवेत?"

"पातळ असते हो. मेंढी भर उन्हात उभी असते, ती कधी तक्रार करते का?"

मेंढीला कुणी विचारलंय, असं माझ्या मनात आलं. पण रविवारी मी बायकोला घेऊन खारघरच्या दुकानात गेलो. विक्रेत्या मुलीनं एक सुरेख निळा शर्ट काढून दिला. तो घेऊन मी कपडे बदलायच्या खोलीत शिरलो. डोकं आत गेलं, हात वर गेले आणि खांद्यापाशी सगळं थांबलं. खाली येईना, वर जाईना. हात छताकडे, तोंड लोकरीत.

"झालं का?" बाहेरून बायको.

"होतंय."

थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं. या वेळी मला खरं सांगावं लागलं. ती आत आली, एक पाय भिंतीला लावला आणि सालीतून केळं काढावं तसं मला बाहेर काढलं. मुलगी पडद्याबाहेरून समजावत होती, "सर, तो रेस फिट आहे. शर्यतवाल्यांसाठी."

"यांची शर्यत कुणाशी आहे?" बायकोनं विचारलं. यावर मुलीनं दोन मापं मोठे शर्ट आणले.

मी जाड, हिरवा पसंत केला. चांगला दणकट वाटला. बायकोनं एक पातळ राखाडी उचलून उजेडाला धरला आणि त्यातून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दिसताय. म्हणजे वारा जाईल. हाच घ्या." मी घेतला. भिंतीला पाय लावून सोडवणाऱ्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पुढच्या रविवारी तो घालून आम्ही दोघे सायकलवाले थेट समुद्रावर, मोऱ्याच्या मासळीच्या धक्क्यावर गेलो. घाम आला, पण अंगाला चिकटला नाही. मासे घेताना एका कोळणीनं माझी बाही चिमटीत धरली. "दादा, ह्यो कसला कपडा?"

"लोकर."

तिनं शेजारणीकडे पाहिलं, मग हळूच मला विचारलं, "अंगात ताप हाय का? मग सायकल कशाला चालवतंस?" सोबती उंटासारखी मान लांब करून समुद्र बघत राहिले, खांदे मात्र हलत होते.

घरी आल्यावर बायकोनं शर्ट हातात घेऊन नाकाला लावला. पुन्हा लावला. "फक्त बोंबलाचा वास येतोय," तिनं निकाल दिला. बोंबील पिशवीतून शर्टावर ठिबकले होते, त्यामुळे मी पास.

एके दिवशी सकाळी शर्ट सापडेना. संध्याकाळी बायको ऑफिसातून आली ती साडीवर तोच घालून, बाह्या दुमडून.

"ऑफिसात एसी फार गार असतो," ती म्हणाली. "याची ऊब छान आहे."

"अगं, पण मी तो काल घालून गेलो होतो. धुतलेला नाही."

"मला कुठे वास आला?"

आता शर्ट सोमवार ते शुक्रवार तिचा आणि शनिवार-रविवार माझा. मी आणखी एक घेऊ म्हटलं, तर म्हणाली, "घ्या की. पण या वेळी माझ्या मापाचा."