देवीचं तिकीट

जांभूळ गावात जनीआईच्या घराचा पत्ता विचारलात तर कुणी नंबर सांगत नाही, ओटा सांगतात. रस्त्याच्या वळणावर लाल कोब्याचा ओटा, मधली जागा बसून बसून गुळगुळीत झालेली. तिथून पाण्याचे टँकर दिसतात, शाळेतून पळालेली पोरं दिसतात, आणि कुणाची सून माहेराहून किती पिशव्या घेऊन उतरली हेही दिसतं. पंचायतीने वळणावरच्या खांबाला कॅमेरा लावला तेव्हा जनीआईने तो स्वतःचा अपमान मानला. "त्याला काय कलतं," ती म्हणाली. "तो नुसता बघतो."

जनीआईच्या अंगात गावदेवी येते. नवी सून असताना पहिल्यांदा आली. तेव्हा सासूबाई म्हणजे कडक काम. जनी पहाटेपासून राबायची आणि दुपारी पाठ टेकली की हाक यायची. अशाच एका दुपारी ती थरथरली, केस सुटले, डोळे फिरले आणि देवी बोलली. पहिलंच वाक्य होतं, "या पोरीला दुपारची निजू द्या." सासूबाईंनी हात जोडून "हो माये" म्हटलं. त्यांनी कुणाला हो म्हटल्याचं गावाने त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग देवीने घरात संडास बांधायला लावला. देवीला संडासाचं काय पडलंय, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं. गावातल्या बायाही मंगळवारी नारळ घेऊन येऊ लागल्या. कुणाचा नवरा पिऊन मारायचा, कुणाचा दीर जागा बळकावायचा. देवीने अशा कितीतरी पुरुषांना भर गर्दीत नाक घासायला लावलं. जनीआई सोंग करते की खरंच काही होतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. ज्या बायांचं काम झालं त्यांनीही विचारलं नाही.

पंचाईत झाली ती तिच्या लेकाची. हरिचंद्रचा पाण्याच्या टँकरचा धंदा. ओट्याच्या जागी दोन गाळे काढायचे, एक चिकन सेंटरला आणि एक मोबाईल दुरुस्तीवाल्याला द्यायचा, हे त्याने दिवाळीपासून मनात धरलेलं. मोरिवलीहून गवंडी आणला. गवंड्याने फूटपट्टी लावली आणि त्याच मंगळवारी देवी म्हणाली, "माझ्या बसायच्या जागेला जो पहार लावील, त्याला मी लावीन."

गवंड्याने सामान गोळा केलं. "शेठ, तुमचा पैसा नंतर," तो म्हणाला. "पहिलं त्यांचं मिटवा."

देवीशी मिटवता येतं हा हरिचंद्रचा अनुभव होता. दुसऱ्या टँकरला तिने असाच विरोध केला होता, एका कोंबड्यात विषय संपला. ओट्यासाठी मात्र दोन कोंबडे खाऊन झाले तरी देवी "बघते" एवढंच म्हणे.

शेवटी तो देवळातल्या म्हाताऱ्या भगताकडे गेला. भगताने तंबाखू मळत कायदा सांगितला. गावदेवी ती गावाची. शीव ओलांडली की तिचं चालत नाही. पलीकडे दुसऱ्या गावाची देवी बसलेली असते, ती हिला कशाला बोलू देईल?

"आन् दर्यात?" हरिचंद्रने विचारलं.

भगत विचारात पडला. "दर्यात गाव कुठाय?"

झालं. हरिचंद्रचं डोकं त्याच्या टँकरसारखंच, हळू चालतं पण भरलेलं. आईला दर्यात न्यायची. तिथे देवी नाही, गाव नाही, ओटाही नाही. तिथे आई नुसती आई. नुसत्या आईने आयुष्यात कधी त्याला नाही म्हटलं नव्हतं, म्हणायची ती देवी. तिथे आईकडून हो घ्यायचं, परत आलं की गवंडी.

यापुढचं मला हरिचंद्रची मुलगी जिज्ञासा हिने सांगितलं. तिच्या आईने, मीनलने, त्यात दुरुस्त्या केल्या आणि जनीआईने दोघींना खोटं पाडलं. तिघींचं मिळून जे उरलं ते असं.

उल्हासनगरात खाली जीन्सचा कारखाना आणि वर नानिकभाईंचं टूरचं ऑफिस आहे. चौघं तिथे गेले. भिंतीवर पांढऱ्या जहाजाचा फोटो होता, त्यावर घसरगुंडी.

"कुठं जाते ही बोट?" जनीआईने विचारलं.

"कहीं नहीं जाता, माताजी. दो रात समुंदर में, फिर वापस मुंबई."

"कुठंच उतरायचं नाय?"

"वोही तो मजा है."

"आमच्या गावात पोरं अशी फिरतात तर आमी त्यांना शिव्या देतो," जनीआई म्हणाली.

नानिकभाई हसले आणि नियम सांगायला लागले. आधार कार्ड ओरिजिनल पाहिजे, मोबाईलमधलं नाही. बॅगा बंदरावर द्यायच्या, त्या मागाहून खोलीत येतात, म्हणून गोळ्या-औषधं पर्समध्ये ठेवा. बोटीवर रोकड चालत नाही, एक कार्ड मिळतं, तीच खोलीची किल्ली आणि तेच पाकीट. साडी नेसून स्विमिंग पुलात उतरता येत नाही.

"साडी सोडून उतरू का मंग?" जनीआईने विचारलं. जिज्ञासाने कपाळाला हात लावला.

"घरचं खाणं नाय चालणार, साईं," नानिकभाई पुढे म्हणाले. "लोणचं, पापड, सुका मासा, सब मशीन में दिखता है. और आग का कुछ नहीं. दिवा नाय, अगरबत्ती नाय, इस्त्री नाय."

इथे जनीआई थांबली. "दिवा नाय? मंग ती आली तर?"

"कौन?"

हरिचंद्र फरशीकडे बघायला लागला. सांगायचं काम जिज्ञासावर आलं. "आजीच्या अंगात देवी येते."

नानिकभाईंनी या धंद्यात बरेच प्रश्न ऐकले होते. त्यांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. "देखो, केबिन चार का है. पाँचवा आदमी अलाउड नहीं."

"आदमी नाय, बाई हाय ती."

"लेडीज हो तो भी. कार्ड चार ही मिलेगा." मग ते जरा नरमले. "सामान है क्या उनका?"

"काय नाय. रिकामी येते."

"फिर टिकट का सवाल नहीं. लेकिन आवाज कम रखना, बाजूवाला कंप्लेंट करता है."

मीनलने खोकल्याचं निमित्त काढून तोंडाला ओढणी लावली. हरिचंद्रने मात्र ज्यासाठी आला होता ते विचारून घेतलं. "शेठ, बोट हद्दीबाहेर जाते ना?"

"एकदम बाहर. मोबाइल का टावर भी नहीं पकडता."

"तिथं चालतं कुणाचं?"

"कप्तान का. उसके ऊपर कोई नहीं."

हरिचंद्रने लगेच पैसे भरले. दोन खोल्या घेऊ या असं मीनल म्हणत होती, पण आईवर नजर राहावी म्हणून त्याने चौघांची एकच घेतली, आणि स्वस्तही पडली.

बंदरावर जनीआईच्या पर्समधली सुकटीची पिशवी मशीनमध्ये दिसलीच. सिक्युरिटीवाली म्हणाली, टाकून द्यावी लागेल. जनीआईने तिला ती घरी न्यायला लावली आणि कांद्यावर कशी परतायची ते सांगितलं. मागे रांग थांबली होती. थांबली तर थांबली.

खोली म्हणजे दोन पलंग, वर भिंतीतून ओढायच्या दोन फळ्या आणि खिडकीच्या जागी खिडकीचं चित्र. वरच्या फळ्यांवर बापलेक. बोट सुटण्याआधी सगळ्यांना लाइफ जॅकेट दाखवायला एका हॉलमध्ये जमवलं. सूचना देणारी मुलगी म्हणाली, भोंगा वाजला की बॅगा घ्यायला खोलीत जायचं नाही, इथे यायचं.

"इथं मोठं कोण?" जनीआईने तिला विचारलं.

"कॅप्टन सर."

"त्याची आय हाय का बोटीवर?"

"नाही, आजी."

"म्हंजे त्याला बोलनारं कोन नाय," जनीआई म्हणाली आणि जॅकेटच्या पट्ट्यांकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट हलायला लागली. फार नाही, पण मीनलला तेवढं पुरलं. ती उलटीची गोळी घेऊन पलंगावर आडवी झाली. जिज्ञासा घसरगुंडीवर गेली, हरिचंद्र खाण्याच्या हॉलमध्ये. जनीआईने खोलीतली खुर्ची उचलली, दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात बसली. पुढे लांबच लांब कॉरिडॉर, माणसांची ये-जा. चहाच्या वेळेपर्यंत तिला समोरच्या खोलीतले भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत हे कळलं होतं, आणि शेजारचं जोडपं नवराबायको नसावं असा तिला संशयही आला होता.

मग हाऊसकीपिंगवाली आली. फार गोड बोलली. आग लागली तर म्हणून कॉरिडॉर मोकळा ठेवायचा आणि दार बंदच ठेवायचं, असा नियम आहे. तिने खुर्ची आत ठेवली, दार आपोआप लागलं.

आता जनीआई आत होती. आणि मीनलही.

"बालदी नाय, मंग तू नाहलीस कशी?" जनीआईने सुरुवात केली. मग पावडर सांडली होती ती दिसली. मग मीनलच्या ओल्या टॉवेलची जागा चुकली. मग उशी अशी घ्यायला तुझ्या आयने शिकवलं का. मग गोळी उपाशीपोटी घेतलीस का, मग घेतलीस ती कितीला मिळाली, मग सकाळपासून तू बाथरूममध्ये इतक्यांदा का गेलीस. मीनलने डोळे मिटले तर, "निजलीस का?" डोळे उघडले तर, "नीज नाय का येत?"

आमचं सासूसुनेचं छान जमतं, असं मीनल माहेरी नेहमी सांगायची. खोटं नव्हतं ते. घरी जनीआई उठून ओट्यावर जायची ती जेवायला आत यायची, जेवून परत ओट्यावर. इतकी वर्षं जमत होतं ते कशाच्या जोरावर, हे मीनलला त्या खिडकीच्या चित्राकडे बघत पडल्या पडल्या समजलं. आणि गाळे निघाले की ही बाई दिवसभर कुठे बसणार, हेही समजलं.  

संध्याकाळी पोट जरा थाऱ्यावर आल्यावर मीनलही वर डेकवर आली. चौघं प्लेटा घेऊन बसले. चारी बाजूंना पाणी, जमिनीचा ठिपका नाही. हरिचंद्रला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. त्याने आईच्या प्लेटमध्ये स्वतःचा गुलाबजाम ठेवला.

"आये, ओट्याचं काय करूया?"

जनीआईने चमचा ठेवला आणि डोळे मिटले. हरिचंद्रचं खाणं थांबलं. आता खांदे हलतील, आता केस सुटतील. शेजारच्या टेबलावर कुणीतरी सेल्फी काढत होतं. जनीआई बराच वेळ तशीच बसून राहिली. काही हललं नाही. तिने डोळे उघडले.

"नाय," ती म्हणाली.

"देवी काय म्हनते?"

"ती नाय आली. मी वाट बघितली. मीच बोलते, नाय."

 देवीचं नाही त्याने पुष्कळदा ऐकलं होतं. हे ओळखीचं नव्हतं. "आत सोफा हाय ना तुना बसाया," तो म्हणाला.

"सोफ्यावरून काय दिसतं? टीव्ही."

"मी बोकड देतो. अख्खा."

"कुनाला?"

"देवीला."

"ती नाय आली म्हनलं ना तुना. मी बोकड काय करू, मना दात नाय."

"मंग तुना पायजे काय?"

"ओटा," जनीआई म्हणाली आणि गुलाबजाम खायला लागली.

हरिचंद्रने बायकोकडे पाहिलं. गाळ्यांच्या भाड्यात स्वयंपाकघराला नवी ट्रॉली बसवायची, ही कल्पना मीनलचीच होती. "तू तरी समजाव तिला."

"ओटा राहू दे," मीनल म्हणाली. "चिकन सेंटरवाल्याला दुसरीकडे जागा बघा."

"तूच तर म्हनत होतीस."

"तेव्हा मी बोटीवर आले नव्हते."

हरिचंद्र एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघत राहिला. जिज्ञासा सांगते, पप्पांनी तेव्हा वरच्या काचेच्या खोलीकडेही एकदा पाहिलं, जिथे कप्तान असतो म्हणतात. तिथून काही कुणी खाली आलं नाही.

आता मंगळवारी देवी येते, गावच्या बायांची कामं करते. घरातल्या गोष्टीत मात्र ती पडत नाही, तिथे जनीआई स्वतःच नाही म्हणते आणि कारणही सांगत बसत नाही. हरिचंद्र मित्रांजवळ बोलून दाखवतो की देवी बरी होती, खायची तरी.

बायांनी ओट्यावर जमून बोटीची सगळी हकीकत ऐकली. बोट कुठेच जात नाही यावर कुणाचा विश्वास बसला नाही. एकीने हळूच विचारलं, तिथे देवी आली होती का.

"कशी येनार," जनीआई म्हणाली. "कार्डं चारच व्हती."

मीनलने त्याच आठवड्यात ओट्यावर पत्र्याची शेड टाकून घेतली. त्याखाली पंखा बसवला, पाठीला टेकायला तक्क्या आणला. जनीआईचा चहा आता बाहेर येतो, जेवणाचं ताटही बाहेरच येतं, आणि दुपारची झोपही तिथेच होते. सासूसाठी एवढं करणारी सून हल्ली मिळत नाही, असं सगळं गाव म्हणतं.