पिंपळ नसलेला फोटो

"आधी तोंड पुसा," हे त्यांचं पहिलं वाक्य. लग्नातला नवरदेव असो की शाळेतले गुरुजी, फोटोवाले काका स्वतःचा रुमाल पुढे करायचे आणि मगच कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरायचे. तुमच्याही गावात असा कोणी असेल.

भुईगावात त्यांचं घर आमच्या वाडीला लागून होतं. पोटासाठी लग्नांचे फोटो, पण जीव वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांमध्ये. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून सुट्टीत ते मला आवर्जून बरोबर न्यायचे. तिथे काय बघायचं, मला नीटसं कळत नसे. ते मात्र चर्चलाही तोंड पुसायला लावायचे. कोनाड्यातलं गवत उपटायचे, कमानीवरची कोळिष्टकं काढायचे.

एका चर्चच्या दर्शनी भिंतीवर पिंपळ माजला होता. कमानीवरची कोरीव फुलं त्याच्या मुळांखाली गेली होती. काकांनी माणसं लावून पिंपळ तोडला, मुळं सोलून काढली. पाचूबंदरची एक ओळखीची कोळीण टोपली घेऊन चालली होती. ती थांबून म्हणाली, "काका, देवलाची दाढी कोनी करायला सांगितली तुमाला?" काका हसले. फोटो मात्र असा आला, की पाकळी न् पाकळी दिसावी.

त्याच पावसाळ्यात ती भिंत कोसळली.

काकांना कोणी बोल लावला नाही. उलट लोक म्हणाले, बरं झालं तुम्ही फोटो काढून ठेवलात, नाहीतर ती फुलं आम्हाला कुठे दिसली असती? माणसं प्रत मागायला यायची. ज्या काचेवरून प्रती निघतात ती फोटोची काच सापडत नाही, असं काका सांगायचे. काच समोरच्या फळीवर असायची.

एकदा त्यांनी मला विचारलं, "तू शिकतोयस. खरं सांग. मुळांनी भिंत फोडली होती, की धरून ठेवली होती?"

"दोन्ही असेल, काका," मी म्हणालो. याहून बरं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पिंपळ राहिला असता तर फुलं कोणी पाहिली असती? आणि राहिला असता तर भिंत... इथे माझं डोकं थांबतं.

पुढे काका बहिणीकडे राहायला गेले आणि तिकडेच वारले. गाव सोडण्याआधी आम्ही एकदा किल्ल्यात गेलो होतो. दगडांच्या ढिगासमोर त्यांनी कॅमेरा उभा केला आणि कापडात शिरले. बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. भिंगावरचं झाकण काढलेलं नव्हतं. आत त्यांना काळोखाशिवाय काहीच दिसत नसणार. सांगावं की सांगू नये, मला कळेना.