आधी मागे घे

फोर-व्हील ड्राइव्हची तक्रार घेऊन कोणीही आलं की आत्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "आधी मागे घे."

नव्या गिऱ्हाइकाला वाटे, आपण ट्रक चुकीच्या जागी लावला. जुन्यांना माहीत होतं. चारही चाकांवर चाललेल्या जुन्या ट्रकची फोर-व्हील लावायची-काढायची दांडी अडकून बसली असेल, तर सरळ रेषेत आठ-दहा पावलं मागे आलं की बऱ्याचदा ती तिथेच सुटते. "पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांना ओढत असतात," आत्या सांगे. "कोणीतरी माघार घेतल्याशिवाय मधली दांडी कशी सुटेल?"

आत्या एकसष्ट वर्षांची. आजोबांच्या हाताखाली शिकलेली, आणि माझ्या वडिलांना पाना धरायला तिनेच शिकवलेलं. वर्कशॉप दोघांचं. पण त्या वर्षी वडिलांनी मनाशी ठरवलं, की ताईने आता गाडीखाली जायचं नाही, काउंटरवर बसायचं. त्यांनी पाठीला टेका असलेली खुर्ची आणली. मला गादी शिवायला सांगितली. मी निळ्या कापडाची शिवली. आत्याने ती दाबून पाहिली, म्हणाली, "छान झालीय. कडेची शिवण तेवढी कच्ची आहे." आणि एप्रन अंगात चढवून गाडीखालच्या खड्ड्यात उतरली.

वडिलांचं कारण मात्र खरं होतं. महिन्यापूर्वी एका ट्रकच्या बेअरिंगचा आवाज तिच्या कानातून निसटला होता. वडील सगळ्यांदेखत म्हणाले होते, "ताईच्या कानावर आता गाडी सोडायची नाही." आवाज निसटला होता, हे तिलाही मान्य होतं. पण तेव्हापासून दोघं एकमेकांशी फक्त नटबोल्टपुरतं बोलत.

एका बुधवारी सकाळी मी वर्कशॉपमध्ये होते, तेव्हा दवाखान्याचा ट्रक आला. डोंगरावरच्या वाड्यांत लस घेऊन जाणाऱ्या सिस्टर आणि त्यांचा ड्रायव्हर, ज्याला सगळे मिशाळ म्हणत. फाटकातून वळताना ट्रक अडखळला, मागचं चाक कुरकुरलं.

"फोर-व्हील लागतं, पण निघत नाही," मिशाळ म्हणाला. "वळायला गेलं की कोणीतरी मागून धरल्यासारखं."

वडिलांनी दांडी हलवून पाहिली. ढिम्म. "ट्रान्सफर केस गेली, पुढची-मागची चाकं जोडणारी पेटी. पेटी उतरवून खोलावी लागेल. दहा दिवस."

"दहा?" सिस्टर म्हणाल्या. "उद्या वर बावीस बाळं आहेत. फोर-व्हीलशिवाय तो चढ चढत नाही, आणि अडकलेल्या गाडीने मी त्या वळणांवर जाणार नाही."

"पेटीला ते कळत नाही, सिस्टर."

आत्या काउंटरवर बिलं लावत होती. तिने बिलांवर पाना ठेवला आणि उठली.

"ताई, तू बस," वडील म्हणाले.

"अर्धा तास दे. नाही सापडलं तर परत गाडीखाली जाणार नाही. ही खुर्ची आणि मी."

"सगळ्यांसमोर म्हणतेयस."

"तू पण सगळ्यांसमोरच म्हणाला होतास."

वडिलांनी घड्याळ पाहिलं आणि बाजूला झाले.

आत्याने ट्रककडे पाहिलंच नाही. मिशाळला विचारलं, "किती दिवस झाले?"

"आठवडा."

"त्याआधी कशाला हात लावला होता?"

"कशालाच नाही. इथेच तर आलो होतो, पुढचे टायर बदलायला."

"दोनच?"

"मागचे अजून चालतील म्हणाले."

कोण म्हणालं, हे तिने विचारलं नाही. वडील उगाच हात पुसू लागले. हात स्वच्छच होते.

"मागे घे," आत्या मिशाळला म्हणाली. "स्टीअरिंग सरळ ठेव. हळू."

ट्रक दहा पावलं मागे आला. खालून 'खट्' आवाज झाला आणि दांडी मऊ लोण्यासारखी सुटली. मिशाळ हसला. "झालं की."

"काही झालं नाही. उद्या वर पुन्हा अडकेल." तिने पुढची बाजू जॅकवर घेतली, नव्या टायरभोवती सुतळी घट्ट गुंडाळली, फेरा जिथे पुरा झाला तिथे सुतळीवर खुणेची गाठ मारली. मग मागचा टायर. तीच सुतळी त्याच्याभोवती फिरवली, तर गाठ पुढे निघून गेली. तिने बोटं लावली. चार बोटं.

"तीन पायांची शर्यत आठवते?" ती सिस्टरना म्हणाली. "उंच माणसाचा पाय बुटक्याला बांधायचा. एक पाऊल मोठं, एक लहान. थोडं चालतात, मग दोरी आवळते. नवा टायर एका फेऱ्यात चार बोटं जास्त चालतो. पेटीने दोघांना बांधलंय. पेटीचा काय दोष?"

"सगळेच पुढे नवे घालतात," वडील हळूच म्हणाले.

"दोनच चाकांनी ओढणाऱ्या गाडीला चालतं ते. हिला चारही सारखे लागतात."

"पण तू आवाज कुठे ऐकलास?"

"ऐकला नाहीच. विचारलं आणि मोजलं. बेअरिंग आता तूच ऐकत जा, ते मला जमत नाही."

वडिलांनी स्वतः फळीवरून त्याच जातीचे आणखी दोन टायर काढले आणि मागे चढवले. मिशाळने अंगणातल्या खडीवर इंग्रजी आठचा आकडा काढत दोन फेऱ्या मारल्या. दांडी लागली, निघाली, पुन्हा लागली, पुन्हा निघाली. सिस्टरनी लसींची बर्फाची पेटी उद्या पहाटे भरायला सांगून ठेवली.

ट्रक गेल्यावर वडिलांनी फाटक ओढून घेतलं. आत आले ते मला म्हणाले, "ती खुर्ची जरा मागे घे गं. वाटेत येते."

आत्या खड्ड्याच्या कडेला बसून हात धूत होती. "नुसती खुर्चीच का?"

वडिलांनी खुर्ची स्वतःच उचलली, भिंतीला लावली. "बोललो तेही मागे घे," म्हणाले.

"मी कशाला घेऊ? तू घे."

"घेतलं."

आत्याने मान हलवली आणि साबण त्यांच्याकडे सरकवला.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा खुर्चीवर टायरच्या पावत्या होत्या. गादी एका जुन्या ट्रकखाली होती, आत्याच्या गुडघ्यांखाली, ऑइलने काळी झालेली. तिने खालूनच हाक मारली, "कडेची शिवण सुटली बघ. म्हटलं होतं ना, कच्ची आहे? जाड दोऱ्याने घाल आता, रोजची झालीय."